पानेतात्यांची खंडेनवमी

लिहायला बसण्याआधी माफी मागून घेतो. माणसांची चित्रे शब्दांत उतरवणे हे ज्यांचे काम आहे ते थोरामोठ्यांविषयी लिहितात, आणि त्यांना ते साधते. माझ्या घरात माझ्याआधी मराठी चौथीच्या पुढे कोणी गेले नाही. वडील गिरणीत आहेत, आईला अक्षरओळख नाही. मी कॉलेजात आहे खरा, पण माझा लिहिण्याचा सराव म्हणजे परीक्षेतले निबंध. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते होते एक मोटार हाकणारे. त्यांच्यावर लिहावे असे त्यांना स्वतःलाही कधी वाटले नसते. पण गेले कित्येक दिवस पुस्तक उघडले की पानावर तेच दिसतात आणि दुसरे काही सुचत नाही. म्हणून धीर करतो. चुकेल ते वाचणाऱ्यांनी पोटात घालावे.

पानेतात्यांची मोटार सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला धावत असे. कापडी छताची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची ती जुनी मोटार मालकाची होती, पण तिचे सगळे दुखणेखुपणे तात्याच बघत. दिवसाची पहिली खेप गावाबाहेर पडली की एका लिंबाखाली ते मोटार थांबवीत. आत माणसे खच्चून भरलेली, कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या मांडीवर पोर. तात्या कोणाला काही न सांगता खाली उतरत, बसायच्या जागेखालून नट आवळायचा लोखंडी पाना काढत आणि चारी चाकांभोवती फिरून एकेक नट पाहून येत. कोणाचा कज्जा कोर्टात उभा राहायचा असे, कोणाची आगगाडी सुटायची असे. तात्यांना त्याचे काही नसे.

लोक ओरडत. एकदा एक किराणावाला म्हणाला, "तात्या, नट आवळताय का नाटक करताय?"

तात्या वाकलेलेच म्हणाले, "नाटकातला नट पळाला तर खेळ बंद हुतो, शेट. ह्यो पळाला तर तुमी बंद हुताल."

मोटारभर हशा झाला. पुढे रोजच कोणी ना कोणी हाच प्रश्न मुद्दाम विचारी, उत्तर ऐकायला.

या पान्यामुळेच त्यांना पानेतात्या नाव पडले. आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात त्यांचे घर आमच्या घराला लागून होते. एकदा कोणी परगावचा पाहुणा "पानेवाले तात्या कुठे राहतात" असे विचारत आला. त्याच्याकडे लग्न होते आणि त्याला विड्याची पाने हवी होती. तात्यांनी त्याला बसवले, पाणी दिले आणि आतून तो काळा लोखंडी पाना आणून त्याच्या हातावर ठेवला. "आमच्याकडं हेच एक पान हाय, पावनं. चुना लावून खाऊन बगा." पाहुणा रागावला नाही. हसून त्यांच्याच मोटारीने परत गेला.

तात्या मूळचे सांगोल्याकडचे. वडील मेंढरे राखत. तात्यांनीही लहानपणी मेंढरांमागे माळ तुडवला होता, आणि मोटारीत बसून इतकी वर्षे झाली तरी त्यांचे बोलणे माळावरचेच राहिले होते. नटांविषयी ते म्हणत, "मेंढरं आन् नट सारकंच. एक निसटलं की बाकीची त्याच्या मागनं जात्यात. म्हनून पैल्याला निसटू द्यायचं न्हाय."

हा धडा त्यांना कुठे मिळाला तेही ते हसत सांगत. उमेदीत ते एका दुसऱ्या ड्रायव्हराच्या हाताखाली होते. एकदा उतारावर मोटारीच्या बाजूने एक चाक गडगडत पुढे गेले. आतली माणसे टाळ्या पिटून म्हणाली, "बगा बगा, कुनाचं तरी चाक चाललंय!" तात्याही हसले. "आन् मग आमी येका अंगाला कललो. ते आमचंच हुतं की! आपलंच चाक आपल्या म्होरं पळताना मी बगितलंय, बॅरिस्टर. तवापास्नं मी कुनाच्या चाकाला हसत न्हाय." मी इंग्रजी शाळेत जाऊ लागल्यापासून ते मला बॅरिस्टर म्हणत. थट्टा होती, पण चारचौघांत म्हणताना त्यांचा आवाज थोडा वर चढे. माझ्या वडिलांना ते फार आवडे.

सुटीच्या दिवशी मोटार बोळाच्या तोंडाशी उभी असे आणि तात्या चाके काढून धूत, वंगण घालीत, परत चढवीत. बघायला आम्ही सगळे असूच. नट ओळीने आवळायचा नाही, एक आवळला की त्याच्या समोरचा, मग दुसऱ्या बाजूचा, मग त्याच्या समोरचा, असा त्यांचा क्रम. "ही काय पंगत न्हाय, ओळीनं वाढत जायला. ओळीनं गेलं की चाक येका अंगाला रुसून बसतंय. समोरासमोरच्याला वाढायचं, आन् थोडं थोडं वाढायचं. पैल्या फेरीला नुस्ती वळख, दुसऱ्या फेरीला बैठक." भाकऱ्या थापून झाल्या की त्यांची बायको, आमच्या काकू, दारातून हाक मारीत, "अवो, तुमची पंगत उठली का? हितली पंगत वाट बगतीया."

जॅकवर चाक अधांतरी असताना ते शेवटचा जोर कधी लावीत नसत. मोटार खाली टेकवीत, चाक जमिनीवर बसले की मगच पाना घट्ट करीत. "हवेत दिल्याला सबूद आन् हवेत आवळल्याला नट, दोनी खोटं. भुईवर टेकल्यावर कळतंय कोन किती खरं ते." आणि एवढे करूनही भागत नसे. चाक चार पावले फिरले, त्यावर भार आला की नट पुन्हा किंचित सैल होतात, विशेषतः चाकाला नवा रंग दिलेला असेल तर. नटाखालचा रंग दबतो आणि तेवढी जागा मोकळी होते. म्हणून ते लिंबाखालचे थांबणे.

उगाच जोर लावलेलाही त्यांना खपत नसे. तालमीत जाणारा एक तरणा ड्रायव्हर पान्यावर पाय देऊन उभा राहिला आणि त्याने बोल्टच पिळून तोडला. तात्या म्हणाले, "पैलवान, ते चाक हाय, तुजा जोड न्हाय. आवळनं म्हंजे गळा दाबनं न्हवं. हात 'बास' म्हनला की बास." तो पैलवान अजून ही गोष्ट सांगतो, आणि आपल्यावरच हसतो.

तात्यांना एकच लेक, सुंदी. माझ्याहून थोडी लहान. परकराच्या ओच्यात नट घेऊन बसायची आणि तात्यांनी हात पुढे केला की एकेक काढून द्यायची. तिचे लग्न वळसंगला झाले, म्हणजे तात्यांच्या रस्त्यावरच. पण सासरची सून बापाची मोटार बघायला रस्त्यावर कशी येणार? तात्या वळसंगच्या वेशीशी लांबलचक हॉर्न वाजवीत आणि पुढे जात. "तिला कळतंय, बाप गेला म्हनून. बास की तेवडं." काकू काळजी करू लागल्या की म्हणत, "नवी सून आन् नवं चाक, बसायला येळ लागतोय. वडाताण करायची न्हाय. नजर ठिवायची."

यंदा सुंदीला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा दसरा झाला की तिला आणायचे ठरले होते. दिवस भरायला अवकाश होता. मी नवरात्रात घरी आलो होतो आणि काकू मला बाळंतिणीची खोली दाखवीत होत्या. त्यांनी जमीन नव्याने सारवली होती, खाटेला सुंभ नवा ओवला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. गिरण्या बंद असतात, सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, घरची विळी, सगळे देवापुढे मांडलेले असते. एकदा हळदकुंकू वाहिले की दसऱ्याच्या आरतीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. तात्यांकडे पाटावर तो पाना, जॅक, हातोडा, पकड, एकूण एक अवजार घटासमोर मांडले होते. सकाळीच त्यांनी चाके काढून धुतली होती, आऱ्यांना तांबडा रंग दिला होता, चढवली होती, भुईवर टेकवून आवळलीही होती. उरलेले आवळणे दसऱ्याच्या पहिल्या खेपेला. दर वर्षी हे असेच बिनबोभाट पार पडे, कारण नवमीला मोटार जागची हालतच नसे.

दुपारी सुंदीचा दीर सायकलवरून आला. घामाने निथळत होता. "तात्या, वैनी कालपास्नं अडल्यात. सुईणीनं हात टेकलं. मोटार काडा."

तात्या उठले. त्यांचा हात पाटाकडे गेला, आणि काकू आड आल्या.

"त्याला हात लावू नगासा."

"अगं, चाकं आज सकाळी काडल्याली हायत. वाटंत परत बगाया लागतंय."

"देवीचं नाव घिऊन जावा की! माज्या भावानं नवमीला विळा उचलला हुता. वरीस न्हाय लागलं, वैनी बाळंतपणातच गेली. तुमाला ठावं हाय की. माजी लेक तितं अडलीया आन् तुमी आज हत्यार उचलताय?"

मला राहवले नाही. म्हणालो, "काकू, द्या तो पाना. देवी रागावायची नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. नऊ दिवसांच्या उपासाने त्यांचा चेहरा उतरला होता. "तू शिकलास म्हनून देवी शिकली व्हय रे?" माझी आईही तिथे होती. तिने मला दंडाला धरून मागे ओढले.

तात्यांचा हात पाटावर अधांतरी होता. काकू रडत नव्हत्या, पाटासमोरून हलतही नव्हत्या. मला वाटते, पाना न घेता जाणे म्हणजे काय हे तात्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होते, आणि काकूंच्या भावजयीचे मरणही त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी हात मागे घेतला. "बरं," म्हणाले. तेवढेच. मग मला म्हणाले, "बॅरिस्टर, चल. फुटबोर्डावर बस आन् चाकाकडं बग. डुगलं की हाक मार."

लिंबाखाली ते थांबले. बोटांनी एकेक नट चाचपला. मागच्या उजव्या चाकाचे दोन नट बोटाने फिरले. "रंग दबला," ते म्हणाले आणि पागोट्याचा शेव बोटांना गुंडाळून, दात-ओठ खाऊन ते फिरवू लागले. बोटाने नट आवळतो तो कितीसा आवळणार!

पुढे वाटेवर एका वस्तीत ओळखीचा लोहार होता. भट्टी थंड होती. ऐरणीवर झेंडूची फुले, पुढे ओळीने सांडश्या, पकडी, हातोडे, सगळ्यांना कुंकू. लोहाराने सगळे ऐकून घेतले. त्याची बायको दारात उभी होती, तिचेही पोट दिसत होते. लोहार हात जोडून म्हणाला, "तात्या, दुसरं कायबी मागा. मी सोता येतो, हातानं फिरवतो..." तात्यांनी त्या बाईकडे एकवार पाहिले. "न्हाय रं बाबा. तुज्या दारचं न्हाय मागत," म्हणाले आणि मोटारीकडे फिरले. मी काही बोलणार तोच म्हणाले, "तिलाबी काय झालं तर? कुनाच्या डोस्क्यातनं काडनार तू ते?"

मी आत्ता लिहिताना विचार करतो की त्या दिवशी सबंध मुलखात हजारो पाने, पकडी, हातोडे स्वच्छ घासून, फुले वाहून ठेवलेले होते. आणि आम्हाला एक मिळत नव्हता.

वळसंगला वेशीशी तात्यांनी हॉर्न वाजवला. सुंदीला वाकळेत गुंडाळून चौघांनी उचलून आणले. तिचा रंग पांढरा पडला होता. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "तात्या, आलासा व्हय?"

"आलो की. हॉर्न न्हाय ऐकलास?"

"ऐकला," ती म्हणाली आणि पुन्हा कळ आली.

तिची सासू तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. ती बाई कानडी बोलणारी. "बेग नडी, बेग नडी," म्हणजे लवकर चला, एवढेच ती सारखे म्हणत राहिली. बेग जाणे हीच तर अडचण होती. जोरात हाकले तर चाक डगमगे, हळू हाकले तर सुंदीचे कण्हणे ऐकवत नसे. तात्या रस्त्याच्या कडेची मऊ माती धरून चालले होते. मी फुटबोर्डावरून मागच्या चाकावर डोळे लावून होतो. फिरणारे चाक सारखे बघितले की ते सरळ आहे की वाकडे हेच कळेनासे होते. मला भीती वाटत होती की ओरडलो आणि खोटे ठरलो तर वेळ जाईल, आणि नाही ओरडलो तर...

मी ओरडलो. एक नट पडून गेला होता. कुठे पडला कोण जाणे. उरलेल्यांतले निम्मे सैल होते. तात्या खाली बसले. बोटांनी आता काहीच होईना, सालटी निघाली होती. त्यांनी रस्त्याकडेचे दोन दगड उचलले. एक नटाच्या कडेला टेकवायचा आणि दुसऱ्याने ठोकायचा, म्हणजे नट केसभर फिरे. दगडाने ठोकतानासुद्धा ते एक ठोकला की समोरचाच घेत होते. मी दगड धरायला हात पुढे केला तर ओरडले, "सर! तुला लिव्हायचं असतंय हातानं." पुढच्याच घावाला दगड घसरला आणि त्यांची दोन बोटे दगडाखाली चेचली.

त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. आत सुंदी होती. रक्ताची धार लागली. त्यांनी गाडीवाटेतली मूठभर माती उचलली, जखमेवर दाबली, वर पागोटे फाडून चिंधी बांधली. आमच्याकडे सगळेच तसे करतात. माती दाबली की रक्त थांबते. थांबलेही. मग त्याच हाताने उरलेले नट ठोकले.

त्यानंतर कितीदा थांबलो ते मला आठवत नाही. दर वेळी ते खाली उतरताना आत वाकून म्हणत, "आलं बग सोलापूर." आधी कुठेच काही दिसत नव्हते. सुंदी दर वेळी "व्हय" म्हणे. मग एकदा म्हणाली नाही. सासूचेही "बेग नडी" थांबले. तात्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. देवीचे नाव घेत होते की नट मोजत होते, मला सांगता येणार नाही. गिरण्यांची धुराडी दिसली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, "तात्या, आलं, खरंच आलं!" त्यांनी मान हलवली. गावात शिरताना चाक असे काही आवाज करीत होते की लोक वळून बघत होते. ते शेवटपर्यंत निघाले मात्र नाही.

दवाखान्यात दिवे लावायची वेळ झाली होती. सुंदीला आत नेले. दार लागले. काकू आणि माझी आई पेठेतून धावत आल्या होत्या. काकूंनी तात्यांचा हात पाहिला. "ह्ये काय?"

"रंग लागलाय चाकाचा."

"रंग न्हाय ह्यो."

"हँडल उलटं फिरलं गं. मारलं बोटावर. मोटारीला काय, रोजचंच हाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय की न्हाय रं, बॅरिस्टर?" मोटार सुरू करताना हँडल उलटे फिरून हाताला लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी होय म्हणालो.

त्या बंद दारासमोर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. काकू भिंतीला डोके टेकून देवीला काहीबाही बोलत होत्या, नवस, शपथा, मध्येच नुसते "घे की, मला घे की." तात्या उकिडवे बसून दाराच्या फटीकडे पाहत होते. एक बाई बाहेर आली, त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली की हे धुऊन घ्यायला हवे, तिकडे चला. ते म्हणाले, "आदी आतलं बगा, बाई. माजं काय पळून जात न्हाय."

मग आतून रडण्याचा बारीक आवाज आला. मुलगी झाली होती. आणि सुंदी, बराच वेळ कोणी नक्की सांगेना, पण सुंदीही वाचली.

काकू तात्यांच्या पायांवर पडल्या. "बगितलंसा? पाना न्हाय उचलला म्हनून राकलं देवीनं. मी म्हनलं न्हवतं?"

तात्यांनी डाव्या हाताने त्यांना उठवले. "व्हय," म्हणाले. "तिनंच राकलं."

मला त्या वेळी राग आला होता हे लिहितो. बोळात परतताना मी तात्यांना म्हणालो की तुम्ही खरे का सांगत नाही? ते चालता चालता म्हणाले, "खरं सांगून काय करू? ती जन्मभर त्या पाटाकडं बगत बसंल. तिनं काय माजं वाईट चितलं न्हवतं. लेक वाचवायची म्हनून आड आली, मी लेक वाचवायची म्हनून गेलो. दोगांचं जमलं. आता काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी दसरा. आरती झाली, तात्यांनी डाव्या हाताने पाना उचलला आणि आधी मोटारीपाशी गेले. कुठून तरी नवा नट मिळवला होता. जॅक लावून चाक बसवले, टेकवले, डाव्याच हाताने सगळे नट आवळले. उजव्या हाताला काकूंनी हळद भरून फडके बांधले होते. संध्याकाळी मी सोने द्यायला गेलो. मला रात्रीच्या गाडीने निघायचे होते, पुढे परीक्षा होती. आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "नीट अब्यास कर. आन् घरी कुनी इच्यारलं तर हँडल. इसरू नगंस." बाळाला पाहिलेस का म्हणून विचारले, आणि मी नाही म्हणताच त्यांनी आपल्या चांगल्या हाताचे बोट पुढे करून दाखवले, "हे असं धरलं तिनं. सोडंना."

गाडीत बसल्यावर मला हायसे वाटत होते. कॉलेजात परत आल्यावर ही हकिगत मी कितीतरी जणांना सांगितली. दगडाने समोरासमोर नट ठोकणारा माणूस ऐकून मुले थक्क होत. मी त्यांना 'नट की नाटक' हेही सांगे, आणि सगळे हसत, मीही हसे. घरून काही कळत नव्हते. घरी पत्र लिहायची सवय कोणाला नाही, त्यामुळे न कळणे म्हणजे सगळे ठीक असणे, असेच मी धरून चालत होतो.

मग आमच्या बोळातले एक गृहस्थ, वडिलांबरोबर गिरणीत असलेले, कामासाठी इकडे आले आणि मला शोधत खोलीवर आले. बसले, पाणी प्यायले. सुंदी आणि पोर खुशाल आहेत म्हणाले. पोर अंगाने भरली आहे. मग तात्यांचे सांगू लागले.

दसऱ्यानंतर आठवडा-दीड आठवडा तात्या मोटार हाकीत होते. एके सकाळी घास चावता येईना. दातदुखी म्हणून लवंग धरली. संध्याकाळपर्यंत दातखीळ बसली, मग पाठ कमानीसारखी वाकायला लागली. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हाताचे फडके सोडून पाहिले आणि मातीतला धनुर्वात म्हणून सांगितले. शेवटी त्यांना बोलता येत नव्हते, सगळे ऐकू मात्र येत होते. काकू उशाशी बसून त्या मेल्या हँडलाला शिव्या देत होत्या, आणि सुंदी तान्ह्या पोरीला घेऊन शेजारी उभी होती. तिला वाटेत कितीदा आणि कशासाठी थांबलो ते ठाऊक आहे. काकूंपुढे ती काही बोलली नाही, खरे काय ते तिने फक्त माझ्या आईच्या कानावर घातले.

मला बातमी कळली तेव्हा त्यांचा तेरावाही होऊन गेला होता. ते गृहस्थ उठताना म्हणाले, "तुझ्या आईनं निरोप दिलाय. घरी आलास की काकूंपुढं हँडलच म्हनायचं."